कंबर आणि काळीज

1956च्या अखेरीस एल्दार रियाझानोव यांचा ‘कार्निवल नाइट’ हा चित्रपट झळकला आणि 21 वर्षांची ल्युदमिला गुरचेन्को गात-नाचत साऱ्या सोव्हिएत देशाची लाडकी झाली. तिच्या बारीक कंबरेची चर्चा घरोघरी पोचली. पुढच्याच वर्षी बेकायदा कार्यक्रमांतून पैसे कमावल्याचा ठपका ठेवून वर्तमानपत्रांनी तिच्यावर झोड उठवली. मग दीड दशक किरकोळ भूमिका. हा अन्याय मला आजही सलतो. ‘ओल्ड वॉल्स’मधल्या कापडगिरणीच्या संचालिकेने तिला पुन्हा उभं केलं. पण तिचं खरं मोठेपण मी मानतो ते 1976च्या ‘ट्वेंटी डेज विदाउट वॉर’मध्ये. अलेक्सेई गेरमान यांनी विनोदवीर युरी निकुलिन यांच्यासमोर तिला उभं केलं. दोघांनाही लोक हसण्या-नाचण्यासाठीच ओळखत होते! ताश्कंदमधली युद्धकाळातली ती थकलेली बाई साकारताना तिला बाहेरून काही आणावं लागलं नसेल. जर्मनांनी व्यापलेल्या खारकीवमध्ये, वडील आघाडीवर असताना, ती आईबरोबर भूक सोसत वाढली होती. पुढे ‘स्टेशन फॉर टू’मध्ये रियाझानोव यांनीच तिला रेल्वे स्थानकातल्या उपाहारगृहाची वाढपीण केलं. त्या व्हेराचा कर्कश आवाज हळूहळू मऊ होत जातो, तो जरूर ऐका.