पाखरं बसलीत, बसू द्या

वाशीम जिल्ह्यातल्या समस्त पक्षीमित्रांना, कॅमेरेवाल्यांना, रीलवाल्यांना आणि रविवारी लेकराबाळांना घेऊन धरणावर जाणाऱ्या सगळ्यांना हात जोडून विनंती आहे. या हिवाळ्यात पाखरांच्या मागे धावू नका. एकबुर्जी असो, अडाण असो की कारंज्याचा ऋषी तलाव, फोटो जरूर काढा. पण पाखरू उठवून काढू नका.

समुद्र आपल्यापासून शेकडो किलोमीटर लांब. आपला किनारा म्हणजे धरणाचं पाणी ओसरल्यावर उघडा पडणारा गाळ. तलवार बदकं, थापटे, चक्रवाक, वारकरी हिवाळ्यात उतरतात ते याच काठाला. याच गाळात कोणीतरी मोटारसायकल घालतो, दुसरा टाळ्या वाजवतो, तिसरा उडत्या थव्याचा व्हिडिओ करतो. पाच सेकंदांची रील होते आणि लाइक पडतात. पाखरांचं काय होतं ते सांगतो.

डोक्यामागे दोन काळे पट्टे असलेला पट्टकदंब घ्या. मंगोलिया-तिबेटकडून हिमालय ओलांडून येणारा हा पक्षी सात हजार मीटरपेक्षा जास्त उंचीवरून उडाल्याची नोंद आहे. तो बहुतेक रात्री चरतो, हरभऱ्याच्या नाहीतर गव्हाच्या शेतात. दिवसा पाण्याकाठी येऊन एका पायावर उभा राहतो, मान पाठीत खुपसतो आणि झोपतो. म्हणजे आपण सकाळी दहाला कॅमेरा घेऊन पोचतो ती त्याची मध्यरात्र! थवा एकदा उठवला तर तो दोन घिरट्या घालून परत बसेल. दिवसातून चार वेळा उठवला तर जागा सोडून जाईल. फेब्रुवारी-मार्चमध्ये परतीची वाट धरायची, तर अंगात चरबी साठायला हवी. आपण तीच उधळायला लावतो. ड्रोन तर त्याहून वाईट. वरून काही झेपावलं की पाखरांच्या लेखी तो ससाणाच.

मग फोटो कसा मिळायचा? बसून. गाडी रस्त्यावर सोडा, भडक कपडे घरी ठेवा, ऊन पाठीशी घ्या आणि काठापासून मागे एखाद्या बाभळीच्या आडोशाला बूड टेकवा. पहिला अर्धा तास काही घडत नाही. मग तुतवार येतो, शेपटीकडचा भाग सारखा खालीवर करत, चिखलात चोच खुपसत, काठाकाठाने थेट तुमच्या दिशेने. त्याच्या पांढऱ्या पोटाची रेघ खांद्यापुढे वर चढलेली असते, तीही तेव्हा नुसत्या डोळ्यांनी दिसते. चार लाखांची लेन्स घेऊन पळणाऱ्याला हे मिळत नाही, आणि मला त्याचं फारसं वाईटही वाटत नाही.

वादळाच्या दिवसांचं मात्र वेगळं सांगायला हवं. 11 फेब्रुवारी 2018 ची गारपीट जालना, बुलढाणा, वाशीमकडचा शेतकरी विसरलेला नाही. गहू-हरभरा झोपला, तशीच झाडावरची आणि पाण्यावरची पाखरंही झोडपली जातात. अवकाळी वाऱ्यात दमलेला पक्षी काठाला येऊन पडतो, माणूस पाहूनही उडत नाही. तो माणसाळलेला नसतो, त्याच्यात त्राण नसतं. तेव्हा जवळून फोटो घेण्याचा मोह आवरा. जखमी असेल तर कापड टाकून अलगद उचला, भोकं पाडलेल्या खोक्यात अंधारात ठेवा. चोचीत पाणी ओतू नका, ते श्वासनलिकेत जातं. आणि वनविभागाच्या 1926 या क्रमांकावर लगेच फोन करा.

मच्छीमार बांधवांनाही एक विनंती. पाखरं हाकलणाऱ्यांत तुम्ही नाही, हे ठाऊक आहे. त्यांच्या बसण्याच्या जागा तुमच्याइतक्या कोणालाच माहीत नसतात. फक्त फाटकं नायलॉनचं जाळं पाण्यात किंवा गाळावर टाकून देऊ नका. त्यात पाय अडकलेलं बदक तडफडून मरतं. संक्रांतीच्या नायलॉन मांजाचंही तेच.

पाणी आणखी उतरलं की धरणातली बेटं उघडी पडतात. नदी सुरय आणि आर्ली अशा उघड्या रेतीवर नुसत्या खळग्यात अंडी घालतात, तीही मातीच्याच रंगाची. पाय पडेपर्यंत दिसत नाहीत. त्या दिवसांत बेटावर उतरूच नका. वन्यजीव संरक्षण कायदा 1972 मधला आहे, आणि पक्ष्याच्या अंड्याला किंवा घरट्याला धक्का लावणं हे त्या कायद्याच्या व्याख्येत शिकारच ठरतं. कॅमेरा गळ्यात होता म्हणून त्यात सूट मिळत नाही.

कोणाला मानेत पट्टी किंवा पायात कडी असलेला पक्षी दिसला, तर लांबूनच फोटो घ्या. रंग, अक्षरं, तारीख आणि जागा टिपून वनविभागाला किंवा जाणत्या पक्षीमित्राला कळवा. त्यावरून त्या पाखराचा मुलूख आणि वाट कळते. बाकी फोटो ग्रुपवर टाकताना घरट्याचं किंवा थव्याच्या बसण्याचं नेमकं लोकेशन टाकू नका. खाली नुसतं ‘वाशीम जिल्हा’ लिहिलं तरी पुरे.