गाण्यांतील शब्दांस कात्री

गेल्या पावसाळ्यांत लोणावळ्यास आम्हीं लावण्यांचा एक कार्यक्रम ऐकला. ‘सहकुटुंब ऐकण्याजोगा’ अशी हमी निमंत्रणावर छापली होती व ती अक्षरशः पाळली गेली. गायिकेचा आवाज उत्तम, ढोलकीवाला तर फारच तयारीचा; परंतु ऐन रंगाच्या जागीं बाई किंचित् थबके आणि मूळ शब्दाऐवजीं कोणीं तरी घालून दिलेला दुसराच सोज्ज्वळ शब्द उच्चारी. यमक लंगडे, लय अडखळे, ढोलकीवाल्याच्या मुद्रेवर कळ उमटे. श्रोते मात्र संतुष्ट होते. परततांना एका सद्गृहस्थांनीं आम्हांस विचारलें, “काय प्रोफेसरसाहेब, कलावंतांनीं आपण होऊनच असा विवेक ठेवला, तर सरकारी परीक्षकांची गरज उरेल काय?” त्या वेळीं आम्हीं हसून वेळ मारून नेली. उत्तर आज देत आहों.

हेच गृहस्थ दुसरे दिवशीं मुलांनातवंडांसह एकवीरेच्या दर्शनास कार्ल्याचा डोंगर चढले. देवीच्या देवळाला लागूनच चैत्यगृह आहे व त्याच्या दर्शनी भिंतीवर उघड्या अंगाचीं स्त्रीपुरुषांचीं युगुलें सुमारें दोन हजार वर्षें उभीं आहेत. त्यांस कोणीं सोवळें नेसविलेलें नाहीं. त्याच लेण्यांतील लेखांत या प्रांताचें ‘मामाल’ हें जुनें नांव आढळतें आणि सातवाहन राजाचेंही नांव आढळतें. त्या घराण्यांतील हालाच्या नांवावर चालत आलेली ‘गाथासप्तशती’ तर विद्यापीठांतून शिकविली जाते. लावणीपेक्षां तिच्यांत संकोच अधिक आहे असें ती वाचलेला मनुष्य तरी म्हणणार नाहीं. मग दगडास व प्राकृतास जी मुभा, ती ढोलकीस कां नसावी? खरें कारण सांगावयास जीभ कचरते. गाथा पंडितांच्या हातीं आहे. लावणी ज्यांच्या गळ्यांत वाढली त्यांस आमच्या वाडवडिलांनीं ओसरीवरही घेतलें नव्हतें.

आक्षेप शब्दावर म्हणून घेतला जातो आणि रोख असतो बोलणाऱ्यावर. याचा दाखला शोधण्यास दूर जावयास नको. लोणावळ्याजवळ उगम पावणारी इंद्रायणी मावळ ओलांडून देहूस जाते, आणि तेथेंच तिच्या डोहांत तुकोबांच्या वह्या गेल्या. रामेश्वरभटांची तक्रार अश्लीलतेची नव्हती; शूद्राच्या मुखीं वेदार्थ कां, ही होती. वह्या तेराव्या दिवशीं तरल्या असें परंपरा सांगते. मावळांतील सुदुंबऱ्यास ज्यांची समाधि आहे त्या संताजी जगनाड्यांनीं ते अभंग लिहून राखले, असेंही तीच सांगते. तीच गाथा पुढें १८६९ ते १८७३ या काळांत मुंबई सरकारनें दोन भागांत छापविली.

त्या गाथेंत शिव्याही आहेत. एका निवडक वेच्यांच्या पुस्तकाचें काम आमच्याकडे आलें, तेव्हां त्यांतला एक चरण आम्हीं स्वतःच गाळला. कोणीं सांगितलें नव्हतें. पुस्तक नेमलें जाणार नाहीं, एवढें भय पुरेसें झालें. पुढें वर्गांत एका वारकरी घरांतील मुलीनें तोच चरण मुखोद्गत म्हणून दाखविला व विचारलें, “सर, हा इथें कां नाहीं? आमचे आजोबा तर देवळांत म्हणतात.” आम्हीं फळा पुसावयास घेतला. तेव्हां सद्गृहस्थ ज्यास विवेक म्हणतात तो आम्हांस जवळून ठाऊक आहे.

सरकारी कात्रीचा अनुभव तमाशानें घेतलाच आहे. १९४८ च्या सुमारास मुंबई सरकारनें त्यावर बंदी आणली. ती उठली ती सुधारणेच्या अटीवर. पुढें संहिता आधीं लिहून मंजूर करून घेण्याचे दिवस आले. आतां बतावणी ही लिहून होणारी वस्तु आहे काय? सोंगाड्याची हजरजबाबी समोरच्या पाटलाच्या पागोट्यावरून सुचते. कागदावर ती मरते. परंतु त्या कात्रीस निदान नांवगांव होतें, तिच्याविरुद्ध अर्ज करतां येई, तिची थट्टाही करतां येई. गायकाच्या स्वतःच्या घशांत बसलेल्या परीक्षकाविरुद्ध दाद कोणाकडे मागावी?

कोणतेंही पद कोठेंही गावें असें आमचें म्हणणें नाहीं. एखाद्या जातीची अगर बाईची हेटाळणी करणारें पद गातांना ज्याचें मन घेत नाहीं त्यानें तें सोडावें. सबंध सोडावें आणि कां सोडलें तें चारचौघांत सांगावें. तो त्याचा अधिकार आहे. शब्द बदलून तेंच पद ‘पारंपरिक लावणी’ म्हणून खपविणें यास मात्र आमच्या कोशांत लबाडी असा शब्द आहे.

राहिला घरच्या बायकांच्या कानांचा प्रश्न. हेमा राईरकर व गी पॉइतवाँ यांनीं मुळशी-मावळापासून आरंभ करून जात्यावरच्या लाखाहून अधिक ओव्या गोळा करविल्या. त्यांत विठोबा आहे, माहेर आहे. नवऱ्याचा मार, सासूचा जाच आणि बाईच्या जन्माचा उघड वैतागही आहे. पहाटेच्या अंधारांत या ओव्या गाइल्या गेल्या त्या वेळीं पुरुषमाणसें झोंपलेलीं असत, म्हणूनच त्यांतला शब्द न् शब्द शाबूत राहिला. हें आम्हीं घरीं बोलून दाखविलें तेव्हां आमची पत्नी एवढेंच म्हणाली, “त्या लावण्यांचे मूळचे शब्द आम्हां सगळ्या जणींना ठाऊक होते. ती बाई अडखळली कीं आम्ही मनांत पुरे करीत होतों.”

यंदाचें निमंत्रण कालच आलें. मूळ शब्द गाइले जाणार असतील तर आमच्याकरितां, पत्नीकरितां व नातीकरितां तीन खुर्च्या राखाव्या, असें आम्हीं संयोजकांस कळविलें आहे.