बाळाचा फोटो आणि ५०० वॉटचे दिवे

मंडळी, हल्ली ज्याच्या त्याच्याकडे बाळाचा स्टुडिओ-फोटो झालेला असतो. टोपलीतलं बाळ, घागरीतलं बाळ, चंद्रकोरीवर झोपलेलं बाळ. कौतुक आहेच, पण आज थोडं कडवट लिहिणार आहे, रागावू नका.

आम्ही भोपाळकर झालो १९५६ मध्ये. नागपूरची राजधानी गेली, सचिवालय इकडे आलं, त्याबरोबर बाबाही आले. टी. टी. नगरच्या क्वार्टरमध्ये माझा धाकटा भाऊ जन्मला. पहिल्या वाढदिवसाला त्याला नवं झबलं घालून न्यू मार्केटजवळच्या एका स्टुडिओत नेलं. मी तेव्हा सहा-सात वर्षांचा. काळा पडदा, लाकडी घोडा आणि दोन्ही बाजूंना ५०० वॉटचे फोटोफ्लड. मे महिन्यात भर दुपारी गच्चीवर उभं केल्यासारखी धग. फोटोग्राफर "देखो बाबू, चिड़िया!" म्हणून खुळखुळा वाजवतायत, बाळ भोकाड पसरायच्या बेतात. त्याने डोळे गच्च मिटले आणि नेमकं तेव्हाच बटण दाबलं गेलं. फिल्म महाग, दुसरा फोटो कोण काढतो!

दीड वर्षाचा असताना तो तापात गेला. तेवढाच त्याचा फोटो. आई शेवटपर्यंत विचारायची, "त्याचे डोळे घारे होते ना रे?" मी हो म्हणायचो. मला आठवत नाही.

त्या फोटोग्राफरला दोष देत नाही. त्याच्याकडे तेच दिवे होते. १८६२ मध्ये वॉटरहाऊससाहेबाने इथे सिकंदर बेगमेचे फोटो काढले, तेव्हा तर ओल्या काचेच्या प्लेटवर काही सेकंद निश्चल बसावं लागे. आज तशी कुठलीच अडचण नाही, तरी आपण बाळालाच दिव्याच्या तालावर बसवतो, हे मला पटत नाही. दिव्याने मुलाचं ऐकावं.

रांगणारं मूल एका जागी थांबत नाही, हे धरूनच मांडणी करावी. दिवा मुलाच्या अगदी जवळ असेल तर ते दोन फूट सरकलं तरी उजेड बदलतो. अंतर दुप्पट झालं की उजेड चौथा हिस्सा उरतो. आणि छोटा दिवा लांब नेला की सावल्या कडक पडतात. मग काय? दिवा मुलाकडे न रोखता पांढऱ्या भिंतीवर किंवा छतावर मारायचा. सगळी भिंतच दिवा होते, मूल कुठेही सरको. दुसऱ्या बाजूला थर्माकोलची शीट उभी केली की पुरे. मागचा पडदा चार-पाच फूट लांब, म्हणजे सावली त्यावर चढत नाही. कॅमेरा बाळाच्या डोळ्यांच्या उंचीवर. त्यासाठी आपण जमिनीवर लोळायचं, गुडघे दुखले तरी. डोळ्यांत उजेडाचा एक ठिपका दिसला पाहिजे. तो नसेल तर चेहरा मेल्यासारखा दिसतो. रिंगलाइटचं ते डोळ्यातलं गोल कडं मला मात्र मुळीच आवडत नाही.

गेल्या वर्षी नातीला एका स्टुडिओत नेलं होतं. नऊ महिन्यांची. सॉफ्टबॉक्सचा स्टँड तिच्या डोक्यावर झुकलेला, पायाला वाळूची पिशवी नाही, वायर जमिनीवर मोकळी. ती रांगत वायरीकडे निघाली आणि स्टँड हलला. सुनेने तो झेलला. तिथला मुलगा म्हणाला, "कुछ नहीं होता आंटी, रोज का है।" मी पैसे दिले आणि फोटो न काढता सगळ्यांना घेऊन बाहेर पडलो. मुलगा आजही म्हणतो, बाबा उगाच तमाशा केलात. म्हणो बापडा.

नंतर घरीच काढला. उत्तरेची खिडकी, वर पांढरी चादर, दुसऱ्या बाजूला थर्माकोल आणि भिंतीवर मारलेला एक दिवा. चाळीसेक फोटो झाले, त्यातले तीन चांगले. एकात ती माझ्या चष्म्याकडे हात करून बघतेय, डोळे टक्क उघडे. तो छापून घेतलाय, मोबाइलमध्ये ठेवला नाही.

तो दिवा आणि छत्री आमच्याकडे अरेरा कॉलनीत पडून असते. कुणाला हवी असेल तर बेलाशक घेऊन जा. वाळूची पिशवी मात्र आपली आपण आणा.