अल्ब्युमिन म्हणजे ताकदीची बाटली नव्हे

"डॉक्टरसाहेब, आईला फार अशक्तपणा आलाय. ती पिवळी ताकदीची बाटली लावा की, आमच्या पाहुण्यांना लावली होती." अशी मागणी वरचेवर कानी पडते. ही बाटली अल्ब्युमिनची. तिची किंमत हजारांत असते आणि तिच्यापायी दागिना गहाण पडलेली घरे मी पाहिली आहेत.

अल्ब्युमिन हे माणसाच्याच रक्तातले प्रथिन. रक्तातील पेशी बाजूला काढल्या की जो पिवळसर द्रव उरतो, तो रक्तद्रव, म्हणजेच प्लाझ्मा. अमेरिकेत हार्वर्डच्या एडविन कोन यांनी थंड अल्कोहोल वापरून त्यातील प्रथिने वेगवेगळी करण्याची पद्धत बसवली. डिसेंबर १९४१ मध्ये पर्ल हार्बरच्या जखमींना असे अल्ब्युमिन दिले गेले. हिमोफिलियाच्या रुग्णांना लागणारा 'फॅक्टर आठ'ही रक्तद्रवातून मिळवता येतो. थोडक्यात, कुणीतरी दिलेल्या रक्ताचा हा अंश आहे, टॉनिक नव्हे.

आता हिशेब पाहा. वीस टक्क्यांच्या १०० मिलिलिटर बाटलीत अल्ब्युमिन असते २० ग्रॅम. जवळपास तेवढी प्रथिने तीन अंड्यांत मिळतात! शिवाय शिरेतून दिलेले अल्ब्युमिन शरीर लगेच अन्न म्हणून वापरत नाही. ते कित्येक दिवस रक्तात फिरत राहते. त्याचे मुख्य काम रक्तवाहिन्यांतील पाणी धरून ठेवण्याचे. वर सांगितलेल्या आईंची दाढच उरली नव्हती, भाकरी चहात बुडवून दिवस काढत होत्या. त्यांना मऊ वरणभात, अंडी आणि कवळी हवी होती.

रिपोर्टमध्ये अल्ब्युमिन कमी दिसले की नातलग घाबरतात. पण तो आकडा बहुधा यकृत, मूत्रपिंड किंवा जंतुसंसर्गाच्या आजाराची खूण असतो. नुसता आकडा भरून काढल्याने आजार हटत नाही. २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या ब्रिटनमधील मोठ्या चाचणीत यकृत निकामी होत चाललेल्या रुग्णांना आकडा वाढावा म्हणून अल्ब्युमिन देऊन पाहिले. नेहमीच्या उपचारांपेक्षा जास्त फायदा झाला नाही. २००४ च्या ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडच्या अभ्यासात अतिदक्षता विभागातील सुमारे सात हजार रुग्णांपैकी निम्म्यांना अल्ब्युमिन व निम्म्यांना साधे सलाईन दिले. मृत्यूंचे प्रमाण जवळपास सारखेच निघाले.

दोष एकट्या नातलगांचा नाही. बाटली लटकली की घरच्यांचे समाधान होते आणि बिलही फुगते, हे आम्ही डॉक्टर मंडळी जाणून आहोत. बाटली कशासाठी, असे विचारणाऱ्या नातलगावर आम्ही चिडता कामा नये.

मात्र काही ठिकाणी या बाटलीला तोड नाही. जलोदरात पोटातून एका वेळी पाच लिटरहून जास्त पाणी काढले, किंवा त्या पाण्यात जंतुसंसर्ग झाला, तर अल्ब्युमिनमुळे मूत्रपिंड वाचू शकते. तेथे डॉक्टरांनी बाटली सांगितली तर उद्यावर ढकलू नका.