विश्लेषण : मे महिन्यात गुलाब फुलवण्याचा हट्ट का सोडावा?

फेब्रुवारीत रोपवाटिकेतून फुलांनी लगडलेला गुलाब घरी येतो आणि मे उजाडेपर्यंत त्याच्या काटक्या होतात. मग 'आमच्या हाताला गुलाब लागत नाही' म्हणत कुंडी गच्चीच्या कोपऱ्यात सरकवली जाते. दोष हाताचा नसतो. बहुतेक वेळा तो वेळापत्रकाचा असतो आणि काही अंशी कुंडीचा…

उन्हात झाडाचे नेमके काय होते?

पाने बाष्पाच्या रूपाने पाणी सोडून स्वतःला गार ठेवतात. नागपूर, अकोला, चंद्रपूरसारख्या शहरांत पारा ४२ अंशांवर गेला की पानांतून जाणारे पाणी मुळांना भरून काढता येत नाही. मग पाने आपली सूक्ष्म छिद्रे मिटून घेतात. पाणी वाचते, पण अन्न तयार होणेही मंदावते. झाडाचा श्वास मात्र चालूच राहतो आणि रात्रही तापलेली असली तर तो साठवलेले अन्न भराभर संपवतो. अशा वेळी आलेली कळी म्हणजे तुटीच्या महिन्यात काढलेले लग्न. ती घाईने उमलते, पाकळ्या कमी असतात, रंग विटका असतो आणि सकाळचे दहा वाजायच्या आत सुगंध उडून गेलेला असतो.

कुंडीचा दोष कसा?

जमिनीतल्या गुलाबाची मुळे खोल, गार मातीत असतात. गच्चीवरच्या काळ्या प्लास्टिकच्या कुंडीत ती चारी बाजूंनी भाजतात. पश्चिमेचे ऊन अंगावर घेणाऱ्या कुंडीतली माती हवेपेक्षाही जास्त तापू शकते. त्यापेक्षा मातीची, रंग न दिलेली कुंडी बरी, कारण माठातले पाणी ज्या कारणाने गार राहते, त्याच कारणाने तिच्यातली मातीही गार राहते. हौसेने तैलरंग फासला की हा गुण संपला. प्लास्टिकचीच कुंडी असेल तर ती मोठ्या कुंडीत ठेवून मधल्या फटीत ओली वाळू भरावी. वर पालापाचोळ्याचा किंवा नारळाच्या शेंड्यांचा दोन-तीन इंचांचा थर द्यावा आणि कुंडी विटांवर उचलून घ्यावी, म्हणजे तापलेल्या फरशीचा चटका बसत नाही. सकाळचे ऊन हवेच, दुपारी मात्र हिरवी जाळी किंवा भिंतीची सावली मिळायला हवी.

सर्वात जास्त गुलाब मरतात ते मायेने. दुपारी तीनला पाने माना टाकतात, ते पाहून घरातले कोणीतरी धावत जाऊन पाणी ओतते. संध्याकाळी पुन्हा. खरे तर आधी बोट दोन इंच मातीत खुपसून पाहावे. माती ओली असेल तर ती मरगळ उन्हाची आहे, तहानेची नाही आणि सूर्य कलला की पाने आपोआप सावरतात. ओल्या मातीत आणखी पाणी म्हणजे मुळांना हवा नाही, पुढे कूज. टँकरची वाट पाहणाऱ्या वस्तीत ही उधळपट्टीही परवडणारी नाही. पहाटे एकदा तळापर्यंत भिजेल असे पाणी द्यावे. पानांखाली बारीक जाळी दिसली तर तो लाल कोळी. सकाळी पानांच्या खालच्या बाजूवर पाण्याचा फवारा मारून तो बराच धुतला जातो.

मग वेळापत्रक कोणते?

थंड देशांतल्या पुस्तकांत गुलाब हिवाळ्यात झोपतो आणि वसंतात छाटला जातो. आपल्याकडे त्याची झोप उन्हाळ्यात असायला हवी. एप्रिल-मेमध्ये छाटणी नको, कारण उघडी पडलेली खोडे उन्हाने करपतात. रासायनिक खत नको. कळ्या दिसल्या तर खुडून टाकाव्यात. हे ऐकायला क्रूर वाटते, पण झाड वाचवायचे तर उपाय तोच. पाऊस ओसरला की ऑक्टोबरात खरी छाटणी, सोबत शेणखत आणि निंबोळी पेंड. त्यानंतर साधारण दीड महिन्यात फुले येतात आणि थंडीभर राहतात. नवे रोपही तेव्हाच लावावे. बाजार नेमका उलटा चालतो. झाड फुलांनी भरलेले असते तेव्हा खपते आणि विकत घेणाऱ्याच्या हाती उन्हाळ्याआधी जेमतेम महिना उरतो.

जातीचा प्रश्न का विचारला जात नाही?

आंब्याचे कलम घेताना हापूस की केशर हे विचारल्याशिवाय कोणी पैसे देत नाही. गुलाबाचे नाव विचारले तर उत्तर मिळते, 'लाल'. तळेगाव-मावळच्या हरितगृहांत वाढणारे 'डच' गुलाब तिथल्या सावलीला आणि मोजून दिलेल्या पाण्याला सरावलेले असतात. तीच जात उघड्या गच्चीवर टिकेल, ही अपेक्षाच चूक. उष्ण हवामानासाठी भारतात काम झालेले नाही असेही नाही. गव्हाचे संशोधक डॉ. बी. पी. पाल यांनी दिल्लीच्या तळपत्या मैदानात 'मोहिनी'सारख्या जाती घडवल्या. भारतीय प्रशासकीय सेवेतून लवकर निवृत्त झालेले विरराघवन आणि त्यांच्या पत्नी गिरिजा यांनी मणिपूरकडचा 'रोझा जायगँशिया' आणि मैदानी भागातला 'रोझा क्लिनोफिला' या रानगुलाबांपासून उष्ण प्रदेशांसाठी संकर केले. कोपऱ्यावरच्या रोपवाटिकेत यातले काही मागून पाहावे. बहुधा विक्रेता नाव पुन्हा विचारेल. गिऱ्हाईक नाव विचारत नाही म्हणून तो ठेवत नाही आणि तो ठेवत नाही म्हणून गिऱ्हाइकाला नाव ठाऊक होत नाही. निदान रोपाला जातीच्या नावाची चिठ्ठी लावणे सक्तीचे व्हायला काय हरकत आहे?

तोवर हाताशी असलेला पर्याय म्हणजे गावठी गुलाब. फूल लहान, पाकळ्या सैल, फुलदाणीत दुसऱ्या दिवशी गळणारे. पण आजीच्या अंगणात तो भांडी घासल्याच्या पाण्यावर वर्षानुवर्षे उभा असतो आणि त्याची फांदी पावसाळ्यात नुसती खोचली तरी बहुतेकदा लागते.