सरकीची गोळी आणि एकच माप

संततिनियमनाचा सारा भार स्त्रीवरच का, हा प्रश्न आपल्या शिबिरांतून हमखास निघतो, आणि तो निघालाच पाहिजे. मात्र त्याच्या पुष्ट्यर्थ चीनमधील गॉसिपॉलचा दाखला देऊन ‘पुरुषांची गोळी पुरुषांनीच दडपली’ असे जे काही मित्र सांगतात, ते वस्तुस्थितीला धरून नाही.

गॉसिपॉल हे सरकीतील पिवळे द्रव्य. कच्चे सरकीचे तेल खाणाऱ्या चिनी खेड्यांत मुले जन्माला येईनाशी झाली, तेव्हा १९५० च्या दशकात त्याच्यावर संशय गेला. १९७२ पासून आठ हजारांहून अधिक पुरुषांना ते देण्यात आले. गर्भधारणा टळली, यात वाद नाही. परंतु काहींच्या रक्तातील पोटॅशियम इतके उतरले की हातापायांतील बळ गेले, आणि गोळी थांबवूनही दहा जणांमागे एखाद्याची प्रजननक्षमता परतली नाही.

विषाची परीक्षा प्राण्यागणिक बदलते. आपल्या विदर्भातील गाय सरकी रवंथ करून पचवते. गॉसिपॉलची जी मात्रा उंदराला सोसते, ती कुत्र्याच्या हृदयावर घाला घालते. म्हणूनच माणसाच्या जवळच्या माकडाची साक्ष मोलाची. तेथे गुण देणारी मात्रा आणि विष ठरणारी मात्रा यांतील अंतर फारच तोकडे निघाले. द्रव्याची दोन रूपे वेगळी करून पाहिली, तर वंध्यत्व आणणारे रूपच अधिक विषारी! १९८६ साली जागतिक आरोग्य संघटनेने तो नाद सोडला. योग्यच केले.

आता हेच माप दुसऱ्या पारड्याला लावू. त्याच १९८६ साली स्त्री-संघटनांना नेट-एन इंजेक्शनाविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात जावे लागले. २०१७ पासून डेपो हे इंजेक्शन ‘अंतरा’ या गोंडस नावाने सरकारी कार्यक्रमात आले. त्याने पाळी बिघडते, हाडांची घनता घटते, गर्भधारणा लांबते, हे सर्वज्ञात आहे. तरी तेथे ‘स्वीकारार्ह धोका’ हा शब्द चटकन सापडतो. आणि नसबंदी? २०१९–२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत स्त्री-शस्त्रक्रियेचे प्रमाण ३७.९ टक्के, पुरुषांचे ०.३, वस्तुतः पुरुषांची शस्त्रक्रिया अधिक सोपी व कमी जोखमीची. आणीबाणीतील सक्तीने ती बदनाम झाली, हे खरे. पण त्याची किंमत आजही स्त्रियाच फेडीत आहेत.

आपल्या कार्यकर्त्यांनी प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रात जाऊन विचारावे: अंतरा घेतलेल्या किती स्त्रियांची वर्षानंतर तपासणी झाली, आणि ती नोंदवही कोठे आहे?