आजींनाही बोटीत बसायचे आहे

वर्षावास संपला की विहाराविहारांतून सहलीची वर्गणी गोळा व्हायला लागते. महिला मंडळ पुढाकार घेते, मिनीबस ठरते, पुरीभाजी की पुलाव यावर वाद होतो. मग यादी लिहिली जाते आणि यादी लिहितानाच काही नावे गळतात. लकवा मारलेले काका, गुडघे गेलेल्या आजी, साखरेमुळे पाय कापावा लागलेला भाऊ, लहानपणी पोलिओ झालेली ताई. त्यांना कोणी दुष्टाव्याने वगळत नाही. "कशाला त्यांना दगदग," असे म्हणत मायेनेच वगळतात. त्यांच्याबरोबर आणखी एक नाव जाते, ते मात्र कोणी मोजत नाही. त्यांना सांभाळायला घरी थांबणारी बाई, बहुधा सून. वर्षानुवर्षे तीच थांबते.

आम्ही वस्त्यांमध्ये आरोग्याचे काम करतो तेव्हा बीपी मोजता मोजता हे ऐकू येते. औषधाची तक्रार कमी आणि "मला कुठे नेत नाहीत" ही तक्रार जास्त. चार भिंतींत बसून राहिलेल्या माणसाचे स्नायू आणखी गळतात, भूक मरते, झोप उडते, मन खचते. म्हणून सहल हा आम्ही आरोग्याचाच विषय मानतो. आमचे म्हणणे सरळ आहे. सहल ठरवताना जो सगळ्यात हळू चालतो त्याच्यापासून सुरुवात करा. आधी जागा ठरवून मग "यांचे काय करायचे" असे विचारू नका.

मुंबई आणि आसपासच्या मंडळांची एक मागणी ठरलेली असते: बोट. गेटवे ऑफ इंडियावरून घारापुरी. तासाभराचा समुद्रप्रवास, वर लेणी, आणि संध्याकाळी घरी. मुख्य लेणे शैव आहे हे खरे, पण याच बेटाच्या पूर्वेकडच्या टेकडीवर प्राचीन बौद्ध स्तूपाचे अवशेष आहेत. तिकडे फार थोडे प्रवासी जातात. आपल्या तरुण पोरांनी तिथे जरूर चढून जावे. प्रश्न आहे तो न चढणाऱ्यांचा. म्हणून घारापुरीचेच उदाहरण घेऊ.

पहिली अडचण बोटीत चढण्याची. गेटवेला दगडी पायऱ्या उतरून बोटीत पाय टाकावा लागतो. कधी दोन-तीन बोटी एकमेकींना लागून उभ्या असतात, तेव्हा एकीतून दुसरीत जावे लागते. बोट हलत असते. पाणी खाली गेले की पायऱ्या जास्त उतराव्या लागतात आणि खालच्या पायऱ्यांवर शेवाळ असते. इथे एक गोष्ट आपल्या लोकांनी विशेष लक्षात घ्यावी. आपण सहल हौसेने पौर्णिमेला ठेवतो. पौर्णिमेला आणि अमावास्येला समुद्राला उधाण असते, म्हणजे भरतीचे पाणी सगळ्यात वर आणि ओहोटीचे सगळ्यात खाली. मुंबईत त्या दिवशी भरती साधारण दुपारी बाराच्या आसपास येते आणि ओहोटी संध्याकाळी सहाच्या सुमारास. सगळे जण पाच वाजता दमून परत निघतात तेव्हा पाणी जवळजवळ तळाला गेलेले असते. गुडघेदुखीच्या आजींना नेमके तेव्हाच उतरायला-चढायला लावायचे, हे कोणते नियोजन? पौर्णिमेलाच जायचे असेल तर सकाळी दहाच्या आत निघा आणि दोन-अडीचला परतीची बोट पकडा. नाहीतर अष्टमीच्या आसपासचा दिवस घ्या, तेव्हा पाण्याच्या पातळीत फार फरक पडत नाही. कोळीवाड्यातले कोणीही भरती-ओहोटीची वेळ सांगेल. वंदना विहारात पौर्णिमेला करा, बोट अष्टमीच्या आसपास धरा, काही बिघडत नाही. फक्त सोमवार नको, लेणी बंद असतात. पावसाळ्यात तर बोटीचे नावच काढू नका.

चढवताना उतरवताना घाई करणाऱ्या खलाशाचे ऐकू नका. ज्या बाजूला लकवा आहे तो हात धरून कधीही ओढू नका. त्या खांद्याला आधार देणारे स्नायू ढिले झालेले असतात, एका झटक्यात सांधा निखळतो आणि मग सहा महिने दुखणे. आधार कमरेला द्या, कमरपट्टा किंवा घट्ट बांधलेली ओढणी धरा. पायऱ्या चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा पाय आधी, हे घरी दोन-चार वेळा करून बघा. व्हीलचेअरसकट माणूस उचलून बोटीत ठेवण्याचा पराक्रम पोरे करतात, तो बंद करा. माणूस वेगळा न्या, खुर्ची घडी करून वेगळी न्या. बोटीत खालच्या मजल्यावर, मध्यभागी बसवा, शिडी चढून वर नेऊ नका. लाइफ जॅकेट घातल्याशिवाय बोट सुटू देऊ नका. १८ डिसेंबर २०२४ ला याच मार्गावर प्रवासी बोटीला नौदलाची स्पीडबोट धडकली आणि किती घरे उजाडली हे आपण विसरलेलो नाही. आणि एक महत्त्वाचे: बोटीत कोणालाही खुर्चीला पट्ट्याने बांधून ठेवू नका. पाण्यात पडल्यावर तोच पट्टा जीव घेईल.

आता लघवीचे. यावर कोणी लिहीत नाही, पण निम्मी म्हातारी माणसे याच भीतीने घरी राहतात. "वाटेत लागली तर?" म्हणून आदल्या रात्रीपासून पाणी बंद करतात. उन्हात, खाऱ्या वाऱ्यात, पाण्याविना चार तास गेले की चक्कर, गोंधळलेले बोलणे, आणि दोन दिवसांनी लघवीची जळजळ. पाणी बंद करू नका, घोट घोट देत राहा. बीपीची किंवा हृदयाची जी गोळी घेतल्यावर सारखी लघवी होते, ती त्या दिवशी परत आल्यावर घेतली तर चालेल का, हे चार दिवस आधी डॉक्टरांना विचारा. मनाने बंद करू नका. मोठ्यांचे डायपर मेडिकलमध्ये मिळते, एका दिवसासाठी वापरायला लाज कसली? आपण बाळांना घालतो, तसेच. गेटवेला बोटीत चढण्याआधी एकदा आणि बेटावर उतरल्यावर एकदा शौचालय, हे ठरवूनच ठेवा. बदलायचे कपडे आणि आडोशाला एक चादर पिशवीत असू द्या.

उलटीची गोळी सगळ्यांना सरसकट वाटू नका. या गोळ्यांनी म्हाताऱ्या माणसाला गुंगी येते, तोल जातो. प्रोस्टेटचा त्रास असलेल्या पुरुषांची लघवी अडू शकते. त्याऐवजी हलका नाश्ता द्या, बसताना तोंड बोट जाते त्या दिशेला ठेवा आणि नजर लांब किनाऱ्याकडे. तरी गरज पडणार असेल तर डॉक्टरांच्या सल्ल्याने.

साखरेच्या रुग्णाची इन्सुलिन किंवा गोळी जेवणाशी बांधलेली असते. मंडळाचे जेवण दीडला ठरलेले अडीचला होते, हे आपल्याला अनुभवाने माहीत आहे. घाम फुटणे, हात थरथरणे, माणूस अचानक चिडणे किंवा गप्प होणे ही साखर उतरल्याची खूण आहे. लगेच तीन चमचे साखर पाण्यातून द्या, पंधरा मिनिटांत सुधारणा नसेल तर पुन्हा. मात्र शुद्ध हरपली असेल तर तोंडात काहीही घालू नका. इन्सुलिनची बाटली गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवू नका, ओल्या फडक्यात गुंडाळून सावलीत न्या. आणि पाय! ज्यांच्या तळव्यांना बधिरपणा आहे त्यांनी तापलेल्या दगडावर अनवाणी चालू नये. चप्पल काढायच्या जागी जाड मोजे घाला. श्रद्धेने अनवाणी चालून तळव्याला फोड येतो, तो रुग्णाला कळतही नाही आणि पुढे बोट कापायची वेळ येते. खुर्चीवर दिवसभर बसणाऱ्याला दर वीस-पंचवीस मिनिटांनी बाजू बदलायला लावा, खाली गादी ठेवा, नाहीतर एका दिवसातही कातडी लाल होते.

ज्यांना नुकताच हृदयविकाराचा झटका येऊन गेला आहे, ज्यांचे झटके आवरलेले नाहीत, ज्यांना ऑक्सिजन लागतो, त्यांना बोटीने नेऊ नका. काही झाले तर किनारा तासभर लांब आहे. अशांसाठी रस्त्याची सहल ठरवा. बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानातील कान्हेरीचे तीन क्रमांकाचे चैत्यगृह प्रवेशाजवळच आहे, थोड्याच पायऱ्या. गोराईचा पॅगोडा लोक बोटीसाठी म्हणून निवडतात, पण भाईंदर-उत्तनमार्गे गाडी तिथपर्यंत जाते. विपश्यनेबद्दल आपल्यात मतभेद आहेत, ते असू देत. एका खांबाशिवाय उभा राहिलेला तो घुमट आजोबांनी बघावा असाच आहे. चैत्यभूमीला तर ६ डिसेंबरच्या गर्दीत न नेता एखाद्या साध्या बुधवारी न्या. निवांत बसू द्या. गर्दीत नेऊन खांद्यावर घेऊन दर्शन घडवण्यापेक्षा तो अर्धा तास त्यांना जास्त मोलाचा वाटतो, हे त्यांनीच आम्हाला सांगितले आहे.

आता घारापुरीच्या पायऱ्यांकडे येऊ. धक्क्यापासून छोटी रेल्वे पायथ्यापर्यंत नेते. तिथून लेण्यापर्यंत सुमारे १२० पायऱ्या आहेत. वर लेण्याच्या आत बरेचसे सपाट आहे. म्हणजे आड येतात त्या पायऱ्याच. त्यासाठी डोली मिळते. चार माणसे खुर्ची खांद्यावर घेऊन चढतात.

डोलीवर आपल्यात वाद होतो आणि व्हायलाच हवा. माणसाने माणसाला वाहायचे हे बाबासाहेबांच्या लेकरांनी कसे मान्य करावे? माथेरानच्या हातरिक्षांबद्दल तत्कालीन सरन्यायाधीश भूषण गवई यांच्या खंडपीठाने ६ ऑगस्ट २०२५ ला तेच म्हटले: ही प्रथा मानवी प्रतिष्ठेच्या विरुद्ध आहे, सहा महिन्यांत बंद करा आणि त्याच लोकांना ई-रिक्षा द्या. निकालाचा हा दुसरा भाग आम्हाला पहिल्याइतकाच महत्त्वाचा वाटतो. ओझे उतरवायचे, पण ओझे वाहणाऱ्याची चूल विझवायची नाही.

घारापुरीत मात्र आज दुसरी सोय नाही. मग डोलीत बसायला तयार असलेल्या आजींना आम्ही तत्त्व सांगून खाली बसवावे का? आम्हाला ते पटत नाही. डोलीत बसायचे की नाही हे आजींना ठरवू द्या. बसल्या तर भावात घासाघीस करू नका, चौघांना पाणी विचारा, चहा द्या. नाही बसल्या तर त्यांना खाली एकटे सोडू नका. मंडळातले दोघे आळीपाळीने थांबा, आणि त्या दोघांत दर वेळी सूनच असेल तर आपण काहीच बदलले नाही. जोड्या आदल्या दिवशी कागदावर लिहा, त्यात पुरुषांची नावे असू द्या.

सरकारची जबाबदारी यातून सुटत नाही. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ मध्ये सार्वजनिक इमारती नियम लागू झाल्यापासून पाच वर्षांत अडथळामुक्त करायच्या होत्या. ती मुदत कधीच उलटली. ८ नोव्हेंबर २०२४ ला राजीव रतुरी यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की सुगम्यतेचे नियम केवळ शिफारशीसारखे ठेवून चालणार नाही, ते बंधनकारक हवेत. दिव्यांगांसाठी झालेला उतार गुडघे गेलेल्या प्रत्येक आजीच्या आणि गरोदर बाईच्याही कामाचा असतो. मंदिरप्रवेश, पाणवठा, शाळा, जिथे जिथे आपल्याला "तुम्ही बाहेर" म्हटले तिथे आपण आत जाण्याचा हक्क मागितला. पायरी हीसुद्धा "तुम्ही बाहेर" म्हणण्याची एक रीत आहे. फरक एवढाच की तिला तोंड नाही, म्हणून आपल्याला राग येत नाही.

खर्चाचेही बोलू. सहलीची वर्गणी सगळ्यांना सारखी, पण डोलीचे किंवा वेगळ्या रिक्षाचे पैसे "त्यांच्या घरच्यांनी बघावे" अशी रीत काही मंडळांत आहे. ती मोडा. तो खर्च सगळ्यांच्या वर्गणीत धरा. बाहेरगावाहून येणाऱ्यांनी लक्षात ठेवावे, ७५ वर्षांवरील ज्येष्ठांना एसटी मोफत आहे, ६५ ते ७५ वयाच्यांना आणि सर्व महिलांना निम्मे तिकीट. आधार कार्ड विसरू नका. व्हीलचेअर विकत घ्यायची गरज नाही. विहाराने एक चांगली, घडीची, ब्रेक लागणारी खुर्ची घेऊन ठेवावी. वस्तीत ती रोज कोणाच्या ना कोणाच्या उपयोगी पडेल, दवाखान्यात जायलाही.

गेटवेजवळ, रेडिओ क्लबच्या बाजूला, नवी प्रवासी जेट्टी बांधण्याचे काम सरकारने हाती घेतले आहे. विहाराच्या लेटरहेडवर महाराष्ट्र सागरी मंडळाला एक पत्र लिहा, प्रत पुण्याच्या दिव्यांग कल्याण आयुक्तालयाला. पत्रात तीनच प्रश्न असू द्या. ओहोटीलाही व्हीलचेअर बोटीपर्यंत जाईल असा, पाण्याबरोबर वर-खाली होणारा तरंगता धक्का तिथे असेल का? खुर्ची आत जाईल एवढ्या दाराचे शौचालय असेल का? आणि समोर घारापुरीच्या धक्क्यावर हीच सोय कधी होणार? खाली सह्या घ्याल तेव्हा पहिल्या सह्या सहलीच्या यादीतून गळलेल्यांच्या घ्या. सही येत नसेल तर अंगठा.